जेवून राह्यली

आज पुतणी अभ्यास करताना अडली. ‘काका, आय गो अन् आय ॲम गोइंग, दोन्ही म्हणजे ‘मी जातो’च ना?’

इथंच, धनजला, मीही पाचवीत याच जागी अडलो होतो. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो; वाशीम 1998 साली वेगळा झाला. पहिलीपासून इंग्रजी आलं तेही 2000 साली. गाईडात ‘मी जात आहे’ छापलेलं असायचं. घरात, वावरात असं कोण बोलतं?

तिला विचारलं, आजी फोनवर काय म्हणते?

‘काय करून राह्यली वं?’

आणि तू?

‘जेवून राह्यली.’

हेच ते आयएनजी, म्हटलं. तिचा चेहरा असा उजळला की मीच गहिवरलो. आपल्या वऱ्हाडीत चालू काळासाठी हे रूप जिभेवर तयार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट वर्गात ‘करून राहिलो’ म्हटलं की ‘शुद्ध बोल’ ऐकावं लागे. ते अजून दुखतं.

ही किल्ली सगळीकडे लागत नाही. ‘मले समजून राह्यलं’ खरं. पण ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ सहसा म्हणत नाहीत. ‘ए’ आणि ‘द’चं तर अवघडच. ‘बैल आला’ म्हटलं की कोणता, ते घरच्यांना कळतं. इंग्रजीला ते शब्दात हवं. उलट ‘आपण’ आणि ‘आम्ही’ दोघांना तिथं एकच ‘वी’.

उद्या ‘द’ घ्यायचा. गोठ्यापासून सुरू करीन.