कुजणारी पिशवी कुठे कुजते?

‘पर्यावरणपूरक’ असं हिरव्या अक्षरांत छापलेली पिशवी एव्हाना तुमच्याही घरात आली असेल. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकायच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली आणि दुकानदार पर्याय शोधू लागले. पिशवी हातात आली की आपल्यालाही बरं वाटतं, चला, ही तरी मातीत मिसळेल! पण खरंच मिसळते का हो?

मी म्हैसूरला राहते. या प्रश्नाशी आमच्या गावाचं जवळचं नातं आहे. २१ ऑक्टोबर १९५० रोजी इथल्या चेलुवांबा मॅन्शन या राजघराण्याच्या वास्तूत केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सीएफटीआरआय, सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी दूध पावडर बनवण्याचं तंत्र इथलंच. फळं जास्त दिवस टिकावीत म्हणून त्यांना मेणाचा पातळ थर देण्याचं कामही इथे झालं. अन्न कशात बांधावं, यासाठीही तिथे स्वतंत्र विभाग आहे.

हा विषय किती अवघड आहे, ते मला दिवाळीत कळतं. पुण्याला लेकीकडे चकल्या पाठवायच्या असतात. त्या कुरकुरीत राहायच्या तर दमट हवा आत जाता कामा नये. तेल खवट होऊ नये म्हणून ऑक्सिजनही अडवायला हवा. प्लास्टिकची चांगली पाकिटं ही दोन्ही कामं स्वस्तात करतात. मक्याच्या स्टार्चपासून केलेली फिल्म ऑक्सिजन बऱ्यापैकी अडवते, पण ओलावा मात्र शोषून घेते. कांजी घातलेली सुती साडी पावसाळी हवेत मऊ पडते ना, तसंच हे. म्हणून संशोधक त्यात मेण किंवा कुजणारी दुसरी पॉलिमर्स मिसळून पाहतात. तरी महिनाभर टिकणाऱ्या फराळासाठी मी अजून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाच पाठवते आणि लेक येताना तो परत आणते.

जिथे पदार्थ चार दिवसांत संपतो, तिथे मात्र या पिशव्या शोभतात. ऑगस्ट २०२१ मध्ये तिरुमलाला लाडवाच्या प्रसादासाठी डीआरडीओने तयार केलेल्या, मक्याच्या स्टार्चच्या पिशव्या मिळू लागल्या. प्रसाद घरी पोचला, वाटला, संपला. पिशवीने आणखी काय करायचं?

आता मातीची गोष्ट. ‘पीएलए’ नावाचं प्लास्टिक लॅक्टिक आम्लापासून बनतं. आपल्या दह्याला आंबटपणा देतं तेच हे आम्ल. मका किंवा उसाची साखर आंबवून ते मिळवतात. ऐकायला किती घरगुती वाटतं! पण ते नीट कुजायला साधारण ५८ अंश सेल्सिअस उष्णता, ओलावा आणि भरपूर जंतू लागतात. इतकी उष्णता मोठ्या खतप्रकल्पाच्या ढिगात असते, आपल्या कुंडीत नसते. मी कुतूहलाने अशा एका पिशवीचा तुकडा जास्वंदीच्या कुंडीत पुरला होता. पूर्ण पावसाळा गेला, तरी त्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

म्हणून पिशवी घेताना नुसता हिरवा रंग पाहू नका. त्यावर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द आणि आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे का, ते पाहा. या मानकाच्या चाचणीत वस्तूचा ९० टक्के भाग जास्तीत जास्त १८० दिवसांत जंतूंनी संपवावा लागतो, तोही खतप्रकल्पासारख्या परिस्थितीत. अशी पिशवी रस्त्याकडेला टाकली, तर गाईच्या पोटात जायचा धोका तोच आणि गटार तुंबायचंही तेच. भंगारातल्या प्लास्टिकमध्येही ती मिसळू नका. त्याच्या पुनर्वापरात ती घोळ घालते.

२०१५ आणि २०१६ साली म्हैसूर देशातल्या स्वच्छ शहरांत पहिलं आलं, तेव्हा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता! पण असा नंबर टिकतो तो घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवल्यावर. कुजणाऱ्या पिशवीचंही भवितव्य तिथेच ठरतं. प्रयोगशाळेने आपलं काम केलं, तरी ती पिशवी खताच्या ढिगापर्यंत पोचवणं आपल्याच हातात राहतं.

तेव्हा उद्या सकाळी घंटागाडी आली की एक करा. तुमच्याकडचा ओला कचरा नेमका कुठे जातो आणि तिथे अशा पिशव्या घेतात का, एवढं विचारून घ्या. उत्तर ‘नाही’ आलं, तर सध्या कापडी पिशवी आणि डबाच बरा.