पूर्वेतिहास

वंध्यत्व-चिकित्सालयातील पहिल्या भेटीची तयारी आम्ही दोघांनी तोंडी परीक्षेसारखी केली. जुने रिपोर्ट तारखांनुसार लावले, पाळीच्या सहा महिन्यांच्या तारखा उतरवून काढल्या आणि रजेच्या अर्जावर 'वैयक्तिक काम' असे लिहिले. दोघेही मराठी विभागातच असल्याने दोघांचे वैयक्तिक काम एकाच दिवशी निघावे, हे कार्यालयाच्या नजरेतून सुटले नसणार. असो.

आमची वये ४१ आणि ४४. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी, स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच करावी आणि चाळिशीनंतर थांबूच नये, असे वैद्यक सांगते. आम्ही थांबलो होतो. आधी पीएच.डी.साठी, मग बदलीसाठी. पुढे तर कशासाठी तेही आठवत नाही.

'वांझ' या शब्दाला आमच्या भाषेत पुरुषासाठी चालेल असा जोडीदार नाही. 'षंढ' आहे, पण त्याचा रोख निराळा. जमीन वांझ असते, म्हैस वांझ असते, आणि चर्चासत्रात आम्हीच कितीदा 'ही वांझोटी चर्चा थांबवू या' असे म्हणून टाळ्या घेतल्या आहेत. प्रतीक्षाकक्षात बसल्यावर हे वाक्य दोघांनाही एकदमच आठवले असावे. कारण आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि लगेच समोरच्या फलकाकडे. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, असे त्यावर लिहिले होते.

आत सुया आणि यंत्रे असतील असे वाटले होते. पण पहिला पाऊण तास निव्वळ प्रश्नोत्तरांचा निघाला. पाळी नियमित आहे का, थायरॉइड आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का, गालगुंड कोणत्या वयात झाले होते, तंबाखू, मद्य, संबंध आठवड्यातून किती वेळा. डॉक्टर मॅडम हे सारे भाजीचा भाव विचारावा इतक्या सहजतेने विचारत होत्या. त्या सहजतेचा आम्हाला आधार वाटला.

मग त्यांनी विचारले, "पूर्वी कधी दिवस राहिले होते?"

आमच्यापैकी एकाने "नाही" म्हटले. त्याच क्षणी दुसरीने "हो" म्हटले.

कथनमीमांसा शिकवताना अविश्वसनीय निवेदकाची लक्षणे आम्ही फळ्यावर लिहून देतो. तो निवेदक खोटे बोलतोच असे नाही. पुष्कळदा त्याला आपले म्हणणे खरेच वाटत असते. नऊ वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला होता, क्युरेटिंग करावे लागले होते. चौथ्या दिवशी आम्ही दोघेही उत्तरपत्रिका तपासायला हजर होतो. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. एकाने त्या मौनाचा अर्थ विसरणे असा घेतला होता. दुसरीने तो सहन करणे असा. एका छताखाली दोन संहिता नांदत होत्या.

मॅडमनी कुणाकडेही न पाहता केसपेपरवर 'दुय्यम' असे लिहिले. पूर्वी एकदा जरी गर्भ राहिला असेल, तो टिकला असो वा नसो, तर वैद्यकाच्या परिभाषेत ते दुय्यम वंध्यत्व ठरते. 'दुय्यम' हा शब्द आम्ही आजवर कवींसाठीच वापरत आलो होतो. आमच्या त्या तीन महिन्यांची पहिली लेखी नोंद ज्या शब्दात झाली, तो हा.

पुढचे सारे लवकर उरकले. सोनोग्राफीत अंडाशयातील बीजपुटके मोजली गेली, एएमएच व थायरॉइडसाठी रक्त घेतले गेले. वीर्यतपासणीसाठी दोन ते सात दिवसांचे अंतर राखून यायला सांगितले. शंभरांपैकी चार शुक्राणू सुघटित असले तरी चालतात, हे ऐकून चाळीस गुणांची उत्तीर्णता मोजणारे आम्ही किंचित हसलो. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजांवर फार भिस्त ठेवता येत नाही, हेही मॅडमनी स्पष्ट सांगितले. टेस्टट्यूबचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. पहिल्या भेटीत तो होतही नाही.

एका रकान्यात त्या गर्भपाताचे वर्ष आणि महिना लिहायचा होता. पेन 'नाही' म्हणणाऱ्याच्या हातात होते. महिना त्याने विचारला नाही. स्वतःच लिहिला, आणि तो बरोबर होता.