दोन नंबरचा रिमोट

मराठीत 'दोन नंबर' या शब्दाला काडीची इज्जत नाही. दोन नंबरचा माल, दोन नंबरचा धंदा, दोन नंबरचा पैसा! आमच्या वाशीमला मात्र दोन नंबरचा अभिमान असायला हरकत नाही. वाकाटकांची थोरली शाखा नंदिवर्धनची, धाकटी आमची, वत्सगुल्मची. पण अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं ते धाकट्या शाखेच्या हरिषेण राजाच्या प्रधानानं. हे मी दादाला पुष्कळदा ऐकवलं आहे. दादा थोरला. त्याच्यावर परिणाम होत नाही.

कारण आमच्या घरातले नंबर ठरले ते व्हिडिओ गेमच्या रिमोटवरून. मूळ यंत्र जपानचं. निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्याला दोन रिमोट, वायरी यंत्रातच कायमच्या जोडलेल्या. सुरुवातीच्या रिमोटची बटणं चौकोनी, रबराची होती. ती दाबली की अडकून बसत, म्हणून पुढे गोल प्लास्टिकची आली. एक नंबरच्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं. दोन नंबरला ती नाहीतच. त्याऐवजी चक्क माइक! म्हणजे धाकट्यानं नुसतं ओरडायचं, खेळ सुरू करायचा तो थोरल्यानं. जपान्यांना आमच्या घरची इतकी बारीक माहिती कुणी दिली कोण जाणे.

आमच्याकडे १९९४ साली आलं ते नकलेचं यंत्र, म्हणजे सगळंच दोन नंबरचं. नकलाकारांनी फरकही बरेच केले. वायरीला नऊ पिनांचा प्लग लावला, त्यामुळे रिमोट काढता-घालता येऊ लागला. दोन बटणांची चार केली. जादा दोन 'टर्बो', नुसती दाबून धरली की गोळ्या आपोआप सुटत. माइक काढून टाकला. स्टार्ट नसणं तेवढं इमानानं ठेवलं!

मूळ रिमोटच्या पोटात सोळा पायांची एक चिप असते. तिचं काम आमच्या बँकेतल्या कॅशियरसारखं. आठ बटणं एकदम गर्दी करतात; ती एकेकाला खिडकीशी बोलावते आणि आठही जणांची हकीकत एकाच वायरीतून क्रमानं पुढे धाडते. म्हणून सगळ्या मिळून पाच वायरींत भागतं. आमच्या नकलेत चिपच्या जागी डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका होता. तो गेला की रिमोट गेला. बाकी सगळ्याला इलाज होता, आणि तो पाटणी चौकाजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे होता.

रिमोटला रोग दोनच. एक, वायर मानेशी तुटणं. पडद्यावर मारिओनं उडी मारली की खेळणाराही दोन्ही हात वर उडवतो. काका म्हणत, "वायर तुटली नाही बापा, तुमीच तोडली." मग तुटका भाग छाटून पुन्हा डाग देत. दर दुरुस्तीला वायर दोन बोटं आखूड होई आणि आम्ही टीव्हीच्या दोन बोटं जवळ सरकत असू. दुसरा रोग रबराचा. बटणाखालच्या रबराला कार्बनची काळी टिकली असते; ती खालच्या पाटीवरच्या पट्ट्यांना टेकली की बटण लागतं. टिकली झिजली की काका पाटी स्पिरिटनं पुसत आणि टिकलीवर मऊ पेन्सिल घासत. फारच झिजली तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवत. पाकिटं आम्ही कुठून आणतो हे वडिलांनी कधी विचारलं नाही. ती त्यांचीच असत.

टँकच्या खेळात माझे गुण जास्त झाले की दादा स्टार्ट दाबी. खेळ जागच्या जागी थांबे. "आईनं दळण सांगितलं तुले, जाय." मी गिरणीतून परत येईपर्यंत माझा टँक फुटलेला असे.

यंदा माळा आवरताना तो खोका सापडला. एक नंबरची वायर वीतभर उरलेली. काकांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, म्हणून मीच स्क्रू काढून दोन नंबरचा रिमोट उघडला. आत पाहतो तो पाटीवर स्टार्ट आणि सिलेक्टच्या पट्ट्या हजर! दोन्ही रिमोटची पाटी एकच. कारखान्यानं फक्त वरच्या झाकणाला भोकं पाडली नव्हती. प्लग एक नंबरच्या खाचेत घालून पट्ट्यांवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं; खेळ सुरू झाला. तीस वर्षं सगळं आतच होतं.

वाशीमचंही तसंच. इंग्रजांच्या राज्यात बाशीम जिल्हा होताच. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्याला जोडला. १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला. पाटी जुनीच होती. झाकणाला भोक पडायला त्र्याण्णव वर्षं लागली.

दादाला पुण्याला फोन केला. थोडा वेळ तो गप्प. मग म्हणाला, "मंग पाडून टाक ना लेका भोक. मले काय इचारतं?"

पाडलं. दादा दिवाळीला येतो आहे. त्याचा एक नंबरचा रिमोटही वीतभर वायरीला डाग देऊन तयार ठेवला आहे. नाक टीव्हीला टेकवून बसला तर उत्तम चालतो. फक्त त्याच्यावर स्टार्टच्या जागी आता नुसतं भोक आहे. बटण मला लागलं.