चुलीपुढची उजळणी

गुरुजींपुढे धडा म्हणून दाखवणे तसे सोपे असते. गुरुजींना तो ठाऊकच असतो. आपण अडखळलो की पुढचा शब्द तेच पुरवतात आणि मुलाला धडा येतो असे दोघांचेही समाधान होते. पण तोच धडा, ज्याने तो कधी ऐकलेलाच नाही अशा माणसाला समजावून सांगायचा झाला म्हणजे आपण किती पाण्यात आहोत ते कळते. मला हे वयाच्या आठव्या वर्षीच कळले. कळवून दिले माझ्या थोरल्या बहिणीने.

तिला आम्ही आक्का म्हणत असू. वेळापूरच्या शाळेत ती माझ्यापुढे दोन यत्ता होती आणि वर्गात पहिली येत होती. 1956 साली ती चौथी पास झाली, तेव्हा आण्णा म्हणाले, ‘‘बास झालं आता. घरात हात पाहिजे.’’ धाकटा भाऊ नुकताच झाला होता, आजी थकत चालली होती आणि दावणीला दोन म्हशी होत्या. या निर्णयावरून घरात कोणाचा आवाज चढल्याचे मला आठवत नाही. खरे म्हणजे त्याला निर्णय तरी कसे म्हणावे? पावसाळ्यामागून हिवाळा यावा तितक्या सहजपणे गावातल्या पोरी चौथीनंतर घरी येत. मी मुलगा, म्हणून माझी पाटी-दप्तर चालू राहिली. आक्का रडली नाही. तिने रोज संध्याकाळी माझ्याकडून शाळा मागून घ्यायला सुरुवात केली.

दिवेलागण झाली की ती चुलीपुढे भाकरी थापायला बसे आणि मी पाटावर. ‘‘गुरुजींनी आज काय सांगितलं रं?’’ हा तिचा रोजचा प्रश्न. मी पुस्तकातली वाक्ये घडाघडा म्हणू लागलो की ती परातीतला हात वर करी. ‘‘पुस्तक मलाबी वाचता येतं. तुला काय कळलं ते सांग.’’ हे फार अवघड काम होते, कारण पुष्कळदा मला काहीच कळलेले नसे. मग दुसऱ्या दिवशी वर्गात कान टवकारून बसावे लागे आणि गुरुजींना प्रश्न विचारावे लागत. गुरुजींना मी चौकस मुलगा वाटत असे. प्रश्न आक्काचे असत.

भूगोलाचेच घ्या. आमचा तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. पुस्तकात सोलापूर जिल्हा कमी पावसाचा म्हणून दाखवलेला. महाबळेश्वरला दोनशे इंचांहून जास्त पाऊस आणि आमच्या बाजूला वीसेक इंच. सह्याद्री ढग अडवतो आणि आपण पर्जन्यछायेत राहतो, असे गुरुजींनी सांगितले. मी ते तसेच घरी पोचवले. आक्का म्हणाली, ‘‘मग अकलूजच्या अंगाला एवढा ऊस कसा रं?’’ उत्तर होते नीरा उजवा कालवा. भोर तालुक्यात भाटघरला 1928 साली मोठे धरण पुरे झाले. त्यात साठलेले पाणी नीरेत येते आणि वीरपासून निघालेला कालवा ते फलटण आणि माळशिरसच्या रानांत आणून सोडतो. पण तेवढ्याने तिची सुटका कुठली व्हायला! कालव्याला ‘उजवा’ का म्हणायचे, हा पुढचा प्रश्न. मी गुरुजींकडून उत्तर आणले: नदी वाहते तिकडे तोंड करून उभे राहावे, उजव्या हाताला येतो तो उजवा.

यावर आक्का बराच वेळ गप्प राहिली. मग चुलीतला एक विझलेला कोळसा घेऊन तिने शेणाने सारवलेल्या जमिनीवर रेघ ओढली. दर आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते, हे वाचकांना माहीत असेलच. वेळापूरच्या अलीकडे उतार लागतो. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे; म्हणून वारकरी आजही त्या उतारावर धावतात. दिंडीतल्या बायका आमच्या ओसरीवर उतरत आणि आक्का त्यांच्याकडून वाटेची सगळी गावे ऐकून घेई. आळंदी, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस... तिने कोळशाने एकेक ठिपका मांडला. वाल्हे आणि लोणंद यांच्या मध्ये पालखी नीरा ओलांडते आणि पादुकांना तिथे स्नान घालतात. ‘‘म्हंजी नदी वलांडून वारकरी आपल्या अंगाला येत्यात. मग सगळी वाट नीरेच्या उजव्या हातालाच की! कालवा बी त्याच अंगानं येतो.’’ वर्गातला नकाशा मी सहा महिने पाहत होतो. त्यातली नदी, कालवा आणि पालखीची वाट एकाच बाजूला आहेत हे मला त्या रात्री जमिनीवर दिसले. सकाळी आईने तो नकाशा सारवून टाकला.

शास्त्राच्या तासाला तरफेचे तीन प्रकार आले. टेकू, भार आणि बल यांपैकी मध्ये काय आहे ते पाहायचे. पुस्तकात पहारीचे चित्र होते, पण आमचे काम पहारीवाचून भागले. कात्रीचा टेकू मध्ये, म्हणून ती पहिल्या प्रकारची. आजीच्या चंचीतल्या अडकित्त्यात सुपारी मध्ये, म्हणून तो दुसऱ्या प्रकारचा. आणि आक्काच्या हातातला निखारे उचलायचा चिमटा तिसऱ्या प्रकारचा, कारण बोटे मध्ये दाबतात. सांडशीवरून आमचा वाद झाला. ती कात्रीच्या जातीची आहे हे आक्काने मला पटवले. पुढे कप्पी आली. स्थिर कप्पीने बळ वाचत नाही, फक्त त्याची दिशा बदलते, असे मी सांगितले. ‘‘मग मोटंला चाक लावून बैलांचा काय फायदा?’’ मी निरुत्तर. तिने स्वतःच विचार करून सांगितले, की बैल विहिरीपासून धावेवर खाली उतरत जातात, त्यामुळे त्यांचे वजनच पाणी ओढायच्या कामी येते. दिशा बदलली नसती तर ते वजन वाया गेले असते. दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितले, तेव्हा गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि ‘‘तुला कोणी सांगितलं?’’ असे विचारले. बहिणीने, म्हणताच ते म्हणाले, ‘‘हं.’’ त्या एका अक्षरात पुष्कळ काही होते. गुरुजींनीच तिला दोन वर्षांपूर्वी चौथीचा दाखला लिहून दिला होता.

परंतु आमच्या या रात्रशाळेची घरात खरी किंमत झाली ती गणितामुळे. 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आम्ही याच हिशेबावर घोकलेली. आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि एका आण्याचे सव्वासहा. सव्वासहाचे नाणे कुठून आणणार? म्हणून सरकारी कोष्टक निघाले: अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा, जास्त असेल तर पुरा धरायचा. एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. गुरुजींनी ते फळ्यावर लिहिले, आम्ही पाटीवर उतरवले आणि मी घरी आणले.

आजी आठ घरी दुधाचा रतीब घालत असे. अच्छेर दूध, दोन आणे, आणि पैसे रोजच्या रोज, कारण उधारीवर तिचा विश्वास नव्हता. जुन्या हिशेबाने आठ घरांचे सोळा आणे, म्हणजे रोख रुपया रोज पदरात पडे. कोष्टक ऐकून आक्का भाकरी उलटायची थांबली. ‘‘बारा आठे?’’ मी म्हणालो, शहाण्णव. ‘‘मग चार पैसे कुठं गेले?’’ ते कुठे गेले हे फळ्यावर लिहिलेले नव्हते. दोन आण्यांचे खरे साडेबारा होतात. तो अर्धा पैसा प्रत्येक घरात राहून जात होता. दिवसाचे चार, महिन्याचे एकशेवीस, म्हणजे एक रुपया वीस नवे पैसे. त्या काळच्या आमच्या घरात ही रक्कम लहान नव्हती. जुनी चवली हातात पडली तर ठीक, पण दिवसेंदिवस नवी नाणीच जास्त येऊ लागली होती.

तोडही आक्कानेच काढली. रोज पैसे घेऊच नयेत. महिन्याचे एकदम घ्यावेत. तीस दिवसांचे साठ आणे, म्हणजे पावणेचार रुपये, तीन रुपये पंचाहत्तर, अपूर्णांकाचे नाव नाही. आठ घरांचे बरोबर तीस रुपये. आजीला हे पटायला आठ दिवस लागले. ‘‘रोजचा पैसा दिसतो, महिन्याचा दिसत न्हाय,’’ असे तिचे म्हणणे, आणि त्यातही तथ्य होते. अखेर भिंतीवर खडूने रोज एकेक रेघ मारायचे ठरले आणि आजी राजी झाली. त्या दिवसापासून आक्काच्या संध्याकाळच्या प्रश्नांना घरात मान आला. आण्णाही ओसरीवरून कान देऊ लागले. तिला शाळेत परत धाडावे, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. ‘नये’ हा शब्द 1964 च्या जूनपासून गेला आणि नुसते पैसे उरले. पुढे 30 जून 2011 पासून पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून बाद झाले. चार आणे, आठ आणे हे शब्द माझ्या पिढीच्या तोंडी अजून आहेत.

इतिहासात देवगिरीच्या यादवांना एक पान मिळाले होते. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला आणि राजा रामदेवराव यादव हरला, एवढे त्यात होते. आमच्या गावातले अर्धनारीनटेश्वराचे देऊळ त्याच काळातले आणि तिथले शिलालेखही त्याच राजवटीतले, मराठीतले, तेराशे सालच्या सुमाराचे, हे पुस्तकात नव्हते. ते गुरुजींनी जाता जाता सांगितले. आक्का सोमवारी देवळात जाई. तिने दगडावरून बोट फिरवून पाहिले आणि घरी येऊन म्हणाली, ‘‘अक्षरं आपलीच हायती, पण काना अक्षराच्या आधीच कसा?’’ गुरुजींनाही ते सांगता आले नाही. फार वर्षांनी, कॉलेजात असताना, त्या काळी मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्यामागे उभ्या रेघेने दाखवीत, तिला पडिमात्रा म्हणतात, असे मला वाचायला मिळाले. मी तिला कार्ड टाकले. उत्तरात तिने दोन गावकऱ्यांची खुशाली कळवली आणि शेवटी एक ओळ: ‘मला वाटलंच होतं ती मात्रा असंल.’

मधल्या काळात आमचे राज्यही बदलले. 1956 च्या नोव्हेंबरात गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य झाले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र. भिंतीवरचा नकाशा कालबाह्य झाला आणि नव्याची वाट पाहण्यात आमचे महिने गेले. महाराष्ट्राचे सव्वीस जिल्हे मी आक्काला म्हणून दाखवले. आज ते छत्तीस झाले आहेत.

मी सातवीत असताना तिचे लग्न ठरले. सांगोल्याकडचे घर, जिराईत जमीन, माणसे बरी. त्या महिन्यात आमचे घनफळ चालू होते. हौदाची लांबी, रुंदी आणि खोली द्यायची आणि पाणी किती मावेल ते काढायचे. तिच्या डोक्यात लग्नाचे काहीबाही असेल म्हणून मी सांगायचे टाळले, तर तिनेच विचारले, ‘‘आज शाळा बंद होती का?’’ मग हळदीच्या आदल्या रात्रीपर्यंत आम्ही हौद मोजले. 1961 च्या उन्हाळ्यात ती सासरी गेली आणि आठवीत मला इंग्रजीचे तास जास्त झाले. ते मी कोणाला सांगितले नाहीत. चुलीपुढे आता आई असे, आणि आईला भाकरीशिवाय दुसरे काही विचारायला सवड नव्हती. पुढे इंग्रजीवर मी पोट भरले, कचेरीत चाळीस वर्षे खर्डे लिहिले. पण त्या भाषेतले एखादे वाक्य कोणाला समजावून सांगायची वेळ आली की मी अजूनही पुस्तकातल्यासारखाच बोलतो.

1972 साली दुष्काळ पडला. सांगोल्याचे रान तर मुळातच कोरडे. आक्का, तिचे यजमान, सारे गावच खडी फोडायला जाऊ लागले. मजुरी मोजमापावर. शंभर घनफूट खडी म्हणजे एक ब्रास, हा हिशेब. मापे मुकादमाच्या हातात. तिच्या टोळीने रचलेला ढीग दहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट उंच होता. मुकादमाने टेप लावली आणि वहीत पाऊण ब्रास लिहिले. बायका उठून चालू लागल्या. आक्का तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘साहेब, दाही पाचा पन्नास, पन्नास दुणे शंभर. पुरा ब्रास हाय.’’ मुकादम म्हणाला, ‘‘बाई, हे काय पाण्याचं माप आहे का?’’

‘‘हौदच हाय की ह्यो,’’ ती म्हणाली, ‘‘उपडा ठेवलेला.’’

मुकादमाने टेप पुन्हा लावली.