चार मोकळे शनिवार

आमच्या कॉन्फरन्समधले, म्हणजे आमच्या विद्यापीठांच्या गटातले, आठ सामने मला ठरवावे लागत नाहीत. कुणाशी, कोणत्या शनिवारी, घरी की बाहेर, हे सगळं कॉन्फरन्सच्या कचेरीतून ठरून येतं. उरतात ते ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर या पट्ट्यातले तीन, फार तर चार शनिवार. ते भरणं माझं काम. अमेरिकेतल्या एका लहान राज्य-विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी बरीच वर्षं फुटबॉलचे हे कॉन्फरन्सबाहेरचे सामने जुळवतो आहे. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून खेळतात तो.

सांगलीकडच्या नातेवाइकांना हे काम समजवायचं तर मी जत्रेतल्या कुस्त्यांचं उदाहरण देतो. मैदान भरायच्या आधी गावातली जाणती माणसं जोडी नेमतात. पोराचं वजन, तालीम, गेल्या जत्रेत त्याची कुस्ती कशी झाली, हे बघून ठरवतात की याला याच्याशी सोडायचं, त्याच्याशी नाही. जोड चुकली तर कुस्ती मिनिटभरात संपते, लोक चिडतात आणि पोराचा खांदा निखळतो. माझ्या जोडीत दोन्हीकडे शंभरेक पोरं असतात आणि मध्ये करारपत्र असतं, एवढाच फरक.

इथल्या कॉलेज फुटबॉलच्या पहिल्या दर्जात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, दोन थर आहेत. मिशिगन, अलाबामा, नोटर डेम ही वरच्या थरातली, त्याला एफबीएस म्हणतात. आम्ही त्याखालच्या एफसीएसमधले. अनेक वर्षं नियम असा होता की वरच्यांना फुटबॉलसाठी ८५ शिष्यवृत्त्या आणि आम्हाला ६३. २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर हे जुने आकडे गेले. त्या तडजोडीत जी विद्यापीठं सामील आहेत त्यांना आता १०५ खेळाडू ठेवता येतात आणि पैसा असेल तर त्या सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्तीही देता येते. दरी कमी झालेली नाही. ती खरी कळते सामन्याच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये. त्यांच्या पुढच्या फळीतला तीनशे पौंडी गडी दमला की तेवढ्याच वजनाचा दुसरा आत येतो. आमचा दमला की त्याच्या जागी येणारा वीस-तीस पौंडांनी हलका असतो आणि बरेचदा पहिल्या वर्षाचा असतो.

तरीही आम्ही त्यांच्याकडे खेळायला जातो, कारण ते पैसे देतात. याला आमच्या धंद्यात गॅरंटी गेम म्हणतात. आपण त्यांच्या मैदानावर जायचं, ते आपल्या मैदानावर कधी येणार नाहीत, आणि त्याबद्दल ठरलेली रक्कम मिळणार. आमच्यासारख्या संघाला साधारण चार-सहा लाख डॉलर मिळतात. वरच्याच थरातल्या लहान विद्यापीठांना याहून कितीतरी जास्त. सप्टेंबर २०२४मध्ये नॉर्दर्न इलिनॉयला नोटर डेमनं १४ लाख डॉलर दिले आणि वर १६-१४ असा सामनाही गमावला. आमच्या विभागात या एका चेकवर मुलींच्या सॉकर संघाचा प्रवास, क्रॉस-कंट्रीच्या मुलांचे बूट, एका अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा पगार चालतो. ट्रेनर म्हणजे दुखापत झाली की मैदानावर पहिल्यांदा धावतो तो माणूस. म्हणून गॅरंटी गेमला सरसकट वाईट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

करारपत्र दिसायला दोन-चार पानांचं असतं, पण त्याची प्रत्येक ओळ मी सावकाश वाचतो. रक्कम कधी हातात पडणार? पुष्कळदा सामना सप्टेंबरात आणि पैसे पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. मग आमचं विमान, हॉटेल, जेवण याचा खर्च तोवर कुणी सोसायचा? पंच कुणाच्या कॉन्फरन्सचे? आम्हाला फुकट तिकिटं किती? शेकडो मैलांवरून गाडी हाकत आलेल्या आईवडिलांना मी स्टेडियमच्या पार वरच्या टोकाला बसवू शकत नाही. सामना रद्द केला तर रद्द करणाऱ्यानं किती भरायचं? आणि सगळ्यात आधी हिशेब अंतराचा. बसनं सहा-सात तासांत जाता येत असेल तर पाच लाख हे पाच लाखच राहतात. चार्टर विमान करावं लागलं तर त्यातला मोठा लचका विमानच तोडतं. मी कितीदा तरी लांबचा मोठा आकडा सोडून जवळचा लहान आकडा घेतला आहे, आणि अधिकाऱ्यांना ते पटवायला दर वेळी कागद पेन्सिल घेऊन बसावं लागलं आहे.

समोरच्यांचाही एक प्रश्न ठरलेला असतो. तुम्ही शिष्यवृत्त्या किती देता? एफबीएस संघाला बोल गेमसाठी, म्हणजे हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यासाठी, पात्र व्हायला सहा विजय लागतात. त्यात एफसीएस संघाविरुद्धचा एकच विजय धरला जातो आणि तोही त्या संघानं ठरावीक प्रमाणात शिष्यवृत्त्या दिल्या असतील तरच. आमच्या पोरांना हरवल्याचं मोल त्यांना हवं असेल, तर आमच्या पोरांची फी कुणीतरी भरलेली असावी लागते. हा नियम मला आवडतो.

आता मी ज्या गोष्टीवर हटून बसतो ती. हंगामात असा सामना एकच घ्यावा. दोन घेऊ नयेत, पैसे कितीही मिळोत.

२०१२ साली जॉर्जियातल्या सवाना स्टेट या लहान विद्यापीठानं लागोपाठच्या दोन शनिवारी असे दोन सामने घेतले. १ सप्टेंबरला ओक्लाहोमा स्टेटकडे, ८ सप्टेंबरला फ्लोरिडा स्टेटकडे. दोन्ही मिळून ८ लाख ६० हजार डॉलर. पहिला सामना ८४-० असा हरले. दुसरा ५५-० असताना वीज-पावसामुळे तिसऱ्या क्वार्टरमध्येच थांबवला. त्या वेळी वर्तमानपत्रांनी आकड्यांचीच चर्चा केली. मी विचार करतो तो मधल्या आठवड्याचा. रविवारी बर्फाच्या टबात बसलेली पोरं, सोमवारी चित्रफीत, मंगळवारी पुन्हा पॅड चढवून सराव, आणि शनिवारी पुन्हा तेच. त्या पोरांनी त्या दोन आठवड्यांत काय शिकावं अशी कुणाची अपेक्षा होती, ते मला आजवर कळलेलं नाही. सवाना स्टेट २०१९मध्ये खालच्या दर्जात, डिव्हिजन टूमध्ये परत गेलं. तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

सामना कुणाशी, याइतकंच तो कितव्या आठवड्यात, हेही महत्त्वाचं. मोठ्या संघाशी सामना मी शक्यतो पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारी घेतो. तेव्हा सगळे धडधाकट असतात, आणि कोणी दुखावलंच तर कॉन्फरन्सचे सामने सुरू व्हायला वेळ असतो. त्यानंतरचा शनिवार घरचा असावा. मुलं आपल्या पलंगावर झोपावीत, सकाळी आपल्या मेसमध्ये जेवावीत. ट्रिपल ऑप्शन खेळणारा संघ या पट्ट्यात मी घेतच नाही. या पद्धतीत धावणारे तिघे, चेंडू कुणाकडे जाणार ते शेवटच्या क्षणी ठरतं, आणि अडवणारे गुडघ्यांच्या उंचीला झेपावतात. त्याची तयारी करायला आठवडा पुरत नाही आणि केलेली तयारी पुढच्या सामन्याला उपयोगी पडत नाही. सप्टेंबरात दक्षिणेतला दुपारचा सामना असेल तर संध्याकाळची वेळ मागतो. टीव्हीवाले ती देतीलच असं नाही, पण मागतो.

आमचे जुने मुख्य कोच कागदावर वेळापत्रक बघून एकच वाक्य बोलायचे, "ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी माझी पुढची फळी उभी दिसली पाहिजे." या वाक्याहून चांगली कसोटी मला अजून सापडलेली नाही.

मोठ्या संघांशी जपून खेळा असं बोललं की कुणीतरी अ‍ॅपलाचियन स्टेटचं नाव काढतंच. १ सप्टेंबर २००७, अ‍ॅन आर्बर. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर, स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसं, आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या बून या डोंगरी गावाचा एफसीएस संघ ३४-३२ असा जिंकला. शेवटची किक अडवून जिंकला. मिशिगननं त्यासाठी ४ लाख डॉलर मोजले होते. त्या सामन्यावर माझं प्रेम आहे. पण तो चमत्कार होता असं मला वाटत नाही. तो संघ २००५ आणि २००६चा एफसीएस विजेता होता, आणि त्या हंगामाअखेर त्यांनी तिसरं विजेतेपदही घेतलं. मैदान पसरून वेगानं खेळायची त्यांची पद्धत मिशिगनच्या जड बचावाला नेमकी झोंबणारी होती. नॉर्थ डकोटा स्टेटनं २०१३मध्ये कॅन्सस स्टेटला आणि २०१६मध्ये आयोवाला हरवलं, तेही असंच, वर्षानुवर्षं भरत आणलेल्या संघाच्या जोरावर. जॉर्जिया सदर्ननं २०१३मध्ये फ्लोरिडाला २६-२० हरवलं तेव्हा त्यांचा एकही पास पूर्ण झाला नव्हता. वर सांगितलेल्या ऑप्शननंच ते जिंकले. या विजयांकडे बोट दाखवून कच्च्या संघाला मोठ्या मैदानात ढकलणारे अधिकारी मी पाहिले आहेत. विजयाआधीची पाच वर्षं त्यांना दिसत नाहीत.

माझा जीव रमतो तो आपल्या बरोबरीच्या संघांशी सामने जुळवण्यात. एका वर्षी तुम्ही आमच्याकडे, पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याकडे. यात पैसे फारसे हलत नाहीत. दोन्ही गावांना एक एक चांगला शनिवार मिळतो. मोटेलं भरतात, बँडचे पालक येतात, माजी विद्यार्थी पार्किंगमध्ये शेगड्या पेटवतात. आणि निवड समितीपुढे अशा विजयाला किंमत असते. एफसीएसच्या प्लेऑफमध्ये २४ संघ असतात, त्यातले बरेच समिती निवडते, आणि ती बघते की हंगामात डिव्हिजन वनच्या किती आणि कशा संघांना हरवलं.

असे संघ मिळणं मात्र अवघड होत चाललं आहे. जेम्स मॅडिसन २०२२मध्ये वरच्या थरात गेलं. सॅम ह्यूस्टन आणि जॅक्सनव्हिल स्टेट २०२३मध्ये, केनेसॉ स्टेट २०२४मध्ये, मिझुरी स्टेट आणि डेलावेअर २०२५मध्ये. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी वेळापत्रकात भोक पडतं आणि जानेवारीत फोन वाजू लागतात. मी या फोनांचा कंटाळा करत नाही. समोरचा माणूस माझ्याच जागी बसलेला असतो, त्याच्याही कागदावर एक शनिवार रिकामा असतो, आणि आम्ही दोघंही नकाशावर बसचे तास मोजत असतो.

ते भोक कधी कधी डिव्हिजन टूच्या संघानं भरावं लागतं. तेव्हा पारडं फिरतं. पैसे देणारे आम्ही, प्रवास करणारे ते. समितीच्या हिशेबात हा विजय डिव्हिजन वनचा धरला जात नाही, पण घरचा सामना मिळतो, आणि आमच्या गावाला निदान पाच तरी घरचे सामने हवेत. अशा वेळी पाहुण्या संघाला मी खोल्या, जेवण, फिजिओची टेबलं, सगळं तेच देतो जे आम्ही मोठ्यांकडून मागतो. सामना फार एकतर्फी झाला तर दोन्ही कोच आणि मुख्य पंच मिळून उरलेले क्वार्टर छोटे करू शकतात, अशी सोय नियमांतच आहे. आमच्या कोचना मी सामन्याआधी त्याची आठवण करून देतो. आमच्यावर असा दिवस आला तर समोरच्यानं हे सुचवावं असं मला वाटतं, म्हणून.

२०२० साली जुलैत, करोनामुळे, बिग टेन या मोठ्या कॉन्फरन्सनं जाहीर केलं की यंदा फक्त कॉन्फरन्समधले सामने. मागोमाग इतर मोठ्यांनीही आपापले सामने कमी केले, आणि आमच्यासारख्या कितीतरी विद्यापीठांचे ते चेक एका उन्हाळ्यात गेले. एफसीएसच्या बहुतेकांनी तो हंगाम २०२१च्या वसंतात खेळला. एका चेकवर सगळा विभाग तोलून धरणं किती धोक्याचं आहे, हे तेव्हा दिसलं. दुर्दैवानं पुढचा काळ याच वाटेचा आहे. एसईसी ही दुसरी मोठी कॉन्फरन्स २०२६पासून कॉन्फरन्समधलेच नऊ सामने खेळणार आहे, म्हणजे तिथल्या प्रत्येक संघाचा बाहेरच्यांसाठीचा एक शनिवार गेला. मोठी विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्याच वर्षी प्रत्येक विद्यापीठ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि ते कुठून तरी काढावे लागणार. दुसरीकडे एफसीएसला २०२६पासून दर वर्षी बारा सामन्यांची मुभा मिळाली आहे. जागा कमी, मागणारे जास्त. तो जादा बारावा सामना दुसऱ्या चेकसाठी विकायचा मोह अनेकांना होईल. आमच्याकडे तो घरी खेळवावा, असं मी लेखी दिलं आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं आता अशा लहान विद्यापीठांतही येतात. कुणी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतं, कुणी ट्रेनरच्या हाताखाली टेपिंग शिकतं, एखादा पॅड चढवून मैदानातही उतरतो. तुमचं मूल त्यांपैकी असेल तर हंगामाआधी फुटबॉलचं वेळापत्रक उघडून पहिले चार-पाच शनिवार बघा. मोठ्या मैदानावर एकदा जात असतील तर खुशाल जाऊ द्या, आणि जमलं तर तुम्हीही जा. दोनदा जात असतील तर दुसरा सामना का घेतला, ते पैसे कशावर खर्च होतात आणि त्यानंतरचा शनिवार घरी आहे का, हे क्रीडा विभागाला पत्र लिहून विचारा. विद्यापीठ राज्याचं असेल तर करारपत्र ही सार्वजनिक नोंद असते, आणि बहुतेक राज्यांत ती मागणाऱ्याला द्यावी लागते.