संतापातून उमललेली नाताळकथा

काही पुस्तकं ऋतू पाहून हाती येतात. गोष्ट पाठ असते. भूत कधी येणार, कवडीचुंबक स्क्रूज कुठं विरघळणार, सारं ठाऊक असतं. तरी डिसेंबरात संध्याकाळ लवकर दाटून आली की मला डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ उघडावंसं वाटतंच. सणाचं वाचन नवं काही कळावं म्हणून थोडंच करतात?

पण या उबदार गोष्टीच्या मुळाशी संताप आहे. 1843 साली खाणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल चार्ल्स डिकन्सनं वाचला आणि तो हादरला. सप्टेंबरात त्यानं लंडनमधली, फील्ड लेनची गरीब मुलांची शाळा पाहिली. तिथली भुकेली, कळकट पोरं त्याला परकी कशी वाटतील? वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले तेव्हा बारा वर्षांचा चार्ल्स स्वतः बूटपॉलिशच्या कारखान्यात लेबलं चिकटवत होता. या मुलांसाठी एक पत्रक काढावं, असं आधी त्याच्या मनात होतं. तो बेत त्यानं सोडला. पत्रक वाचून लोक हळहळतात आणि विसरतात. गोष्ट मात्र घरात शिरून चुलीपाशी बसते. माझ्या मते डिकन्सचा हा सगळ्यात शहाणा निर्णय.

मग जेमतेम सहा आठवडे. शहर निजलं की तो निघायचा आणि लंडनच्या काळोख्या रस्त्यांतून पंधरा-पंधरा, वीस-वीस मैल चालायचा. चालता चालता गोष्ट जुळवायची, आपल्याच पात्रांसाठी रडायचं, मधेच हसायचं, पुन्हा रडायचं. त्या रिकाम्या रस्त्यांवर गोष्टीतला लहानगा टायनी टिम त्याच्यासोबत कुबडी टेकत चालला असेल, असं मला नेहमी वाटतं. पैशाची निकडही होतीच. त्याची ‘मार्टिन चझलविट’ ही कादंबरी म्हणावी तशी खपत नव्हती आणि घरी पाचवं मूल येऊ घातलं होतं. (करुणेला पोटाची घाई जडली की लेखणी कशी धावते, ते लिहिणाऱ्यांनाच विचारावं.)

19 डिसेंबरला पुस्तक आलं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. पण सोनेरी कडा, रंगीत चित्रं या हौसेनं नफा खाल्ला. महिन्याभरात कुणी चोरटी आवृत्ती काढली. डिकन्स खटला जिंकला. चोरांनी दिवाळं जाहीर केलं आणि कोर्टाचा खर्च याच्याच अंगावर पडला.

पुढं त्यानं आपल्या साप्ताहिकांचे खास नाताळ अंक काढले. इंग्रजी नियतकालिकांचे असे नाताळ अंक पाहूनच काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. फराळाशेजारी अंक ठेवायची आपली रीत तिथली.

तेव्हा यंदाच्या दिवाळी अंकांत आजोळच्या आठवणी जरूर वाचा, पण एखादी संतापून लिहिलेली गोष्टही शोधा. सापडली, तर संपादकांना चार ओळी अवश्य लिहा.