हिमाचा उतार घ्यावा पारखून : गुलमर्ग आणि औली

जमीन घ्यायची झाली म्हणजे जाणता शेतकरी आधी विहिरीत डोकावतो. मग मूठभर माती हातात घेऊन चुरतो, उतार कोणत्या अंगाला आहे ते पाहतो आणि शेतातल्या घराचा रंग सर्वांत शेवटी पाहतो. हिमावर घसरण्याचा खेळ जिथे चालतो त्या गावांची पारखही अशीच करावी लागते. पण तिकडे जाणारी आपली बहुतेक मंडळी हॉटेलचा रंग आधी पाहतात आणि हिम कसे आहे ते विचारायचे विसरतात.

या खेळाला स्कीइंग म्हणतात. दोन्ही पायांना लांब, अरुंद, पुढे वर वळलेल्या पट्ट्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि हिमाच्या उतारावरून घसरत खाली यायचे. नॉर्वे-स्वीडनकडे हा मुळात खेळ नव्हता. हिवाळ्यात हिमातून जाण्या-येण्याचे ते साधन होते. पुढे त्याचा खेळ झाला आणि 1924 साली फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले. आपल्या देशात गुलमर्गला इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी 1927 साली स्की क्लब काढला.

माझी सारी नोकरी बांधबंदिस्ती, समपातळी रेषा आणि पीकसंरक्षण यांत गेली. त्यामुळे सौ.ला घेऊन काश्मीरमधील गुलमर्ग आणि उत्तराखंडातील औली ही ठिकाणे पाहिली तेव्हाही नजर गेली ती उताराकडेच. एक ठिकाण दुसऱ्यापेक्षा चांगले का ठरते, हे वाचकांना शेतीच्याच भाषेत सांगतो.

उंची आणि तोंड

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 2650 मीटर उंच आहे. आपले कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर चढले की गुलमर्गचे मैदान लागते. तेथून तारेवरच्या पाळण्याने दोन टप्प्यांत वर जाता येते. कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा 1998 साली सुरू झाला. अफरवाट डोंगरावर सुमारे 3950 मीटरपर्यंत नेणारा दुसरा टप्पा 2005 साली झाला. औलीचे उतार साधारण 2500 ते 3050 मीटरच्या दरम्यान आहेत.

हा फरक किरकोळ नाही. हजार मीटर वर गेले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. शिवाय गुलमर्ग हे औलीपेक्षा बरेच उत्तरेला. म्हणून औलीत ऊन तापले की हिम वितळू लागते, तेव्हाही अफरवाटच्या माथ्यावर ते टिकून असते.

उंचीइतकेच तोंड महत्त्वाचे. डोंगराच्या उत्तरेकडील अंगाला हिवाळ्यातले तिरपे ऊन कमी लागते, म्हणून तिथे ओल अधिक दिवस राहते हे आपण जाणतो. हिमाचेही तेच. औलीला उंची कमी असली तरी तिच्या उतारांचे तोंड उत्तरेला आहे. तिची बरीचशी लाज या उत्तरमुखानेच राखली आहे.

हिमालाही वाफसा असतो

नुसते हिम पडून भागत नाही. ते कसे आहे ते पाहावे लागते. ओल्या काळ्या रानात नांगर घातला तर ढेकळे निघतात, तसे ओल्या जड हिमात पट्ट्या रुततात. कोरडे, पिठासारखे भुरभुरीत हिम म्हणजे खरा वाफसा. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेले हिम काचेसारखे होते. त्यावर पाय ठरत नाही.

आपण पावसाचा हिशेब नक्षत्रांवर ठेवतो, तसा काश्मिरी माणूस थंडीचा ठेवतो. 21 डिसेंबरपासूनचे 40 दिवस म्हणजे चिल्लई कलान, मोठी थंडी. नंतरचे 20 दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे 10 दिवस चिल्लई बच्चा. मोठ्या थंडीत पडलेले हिम थरावर थर बसून टिकते. उशिरा पडलेले हिम लवकर वाहून जाते. म्हणून किती फूट पडले हे विचारताना केव्हा पडले हेही विचारावे.

उताराची जात

आपण बांधबंदिस्तीत शेकडा उतार मोजतो, तोच हिशेब इथे लावा. शिकाऊ माणसाला शेकडा 25 पर्यंतचा उतार पुरे. तो रुंद असावा आणि पायथ्याशी सपाट मैदान असावे, म्हणजे थांबता येते. चांगल्या ठिकाणी यंत्राने हिम दाबून सारखे करतात. पेरणीआधी आपण फळी मारतो तसेच ते.

या बाबतीत औली नवख्यांना सोयीची. उतार रुंद, आटोपशीर, आणि समोर 7816 मीटर उंचीची नंदादेवी उभी. गुलमर्गच्या खालच्या मैदानातही शिकायला सौम्य उतार आहेत. पण अफरवाटचा वरचा उतार यंत्र न फिरवलेला, निसर्गाने ठेवला तसा आहे. जगभरचे तरबेज खेळाडू खास त्यासाठीच येतात. नवख्याने तिथे पट्ट्या बांधून उतरू नये. पाळण्याने वर जाऊन डोंगर पाहावा आणि पाळण्यानेच खाली यावे.

याचे कारण हिमकडा. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर हिमाचा थर अचानक सुटून खाली येतो. फेब्रुवारी 2010 मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे लष्कराच्या पर्वतीय युद्धप्रशिक्षण शाळेच्या पथकावर असा कडा कोसळून 17 जवान मृत्युमुखी पडले. हिमात राहण्याचे शिक्षण घेणाऱ्यांवर ही वेळ आली, तर आपण दोन दिवसांचे पाहुणे! म्हणून ज्या ठिकाणी उतार रोज तपासणारे पथक आहे आणि धोका दिसताच उतार बंद ठेवला जातो, ते ठिकाण चांगले. उतार बंद आहे म्हणून तिथे हुज्जत घालू नये. पाळण्याचेही तसेच. 25 जून 2017 रोजी गुलमर्गला वादळात झाड तारेवर पडून पाळणा कोसळला आणि 7 जण गेले. वारा असेल तेव्हा पाळणा बंद ठेवतात तो आपल्याच भल्यासाठी.

विकतचे हिम

हिम कमी पडले तर यंत्राने करता येते. पाण्याचा बारीक फवारा थंड हवेत उडवायचा, तो गोठून खाली पडतो. 2022 सालचे बीजिंगचे हिवाळी ऑलिंपिक जवळजवळ सगळे अशा हिमावर झाले. औलीतही हिम करणारी यंत्रे आणली आणि पाण्यासाठी डोंगरावर तळे बांधले. जानेवारी 2011 मध्ये तिथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या.

पण याचा हिशेब मांडून पाहा. एक हेक्टरवर एक फूट जाडीचे दाबलेले हिम करायला सुमारे 10 ते 12 लाख लिटर पाणी लागते. म्हणजे एका हेक्टर गव्हाला दोन पाळ्या दिल्यासारखे झाले. एवढे करूनही हवा गोठणबिंदूच्या खाली नसेल तर यंत्र, तळे, वीज सारे व्यर्थ. हिमाअभावी औलीतल्या स्पर्धा एकापेक्षा अधिक वेळा रद्द झाल्या आहेत. टँकरवर बाग एखादा उन्हाळा जगवता येते, कायमची पोसता येत नाही.

गावाला पेलते का?

बद्रीनाथची यात्रा केलेल्या वाचकांना जोशीमठ आठवत असेल. औली त्याच्याच डोक्यावर आहे. जोशीमठ ते औली सुमारे 4 किलोमीटरचा रोपवे होता. जोशीमठची वस्ती जुन्या दरडीच्या भरावावर वसलेली आहे. तिथे भारी बांधकाम नको, असे मिश्रा समितीने 1976 सालीच बजावले होते. तरी इमारती वाढत गेल्या. जानेवारी 2023 मध्ये घरांना, रस्त्यांना मोठ्या भेगा पडल्या, कुटुंबांना घरे सोडावी लागली आणि रोपवेही बंद करावा लागला. वरचा उतार कितीही देखणा असो, खालचे गाव खचत असेल तर ते ठिकाण चांगले कसे म्हणावे? कुरणावर किती गुरे चारावीत याला मर्यादा असते, तशी डोंगरावर किती खोल्या बांधाव्यात यालाही असते.

दुसरे असे की, पैसा कोणाच्या हाती जातो ते पाहावे. गुलमर्गला लाकडी ढकलगाडी ओढणारे, घोडेवाले, पट्ट्या भाड्याने देणारे, शिकवणारे, असे कितीतरी लोक आसपासच्या खेड्यांतले आहेत. आमची ढकलगाडी ओढणारा गडी तंगमर्गकडचा होता. घरी थोडी सफरचंदाची झाडे होती. हिम पडले नाही की हिवाळ्यातली मजुरी जाते आणि उन्हाळ्यात ओढ्यालाही पाणी राहत नाही, असे त्याने सांगितले. एका पावसावर खरीप आणि रब्बी दोन्ही टांगलेले असावेत, तशी त्याची गत.

आणि हे केवळ बोलणे नाही. 2023-24 च्या हिवाळ्यात मोठी थंडी जवळजवळ कोरडी गेली. जानेवारीत गुलमर्गचे मैदान उघडे पडले होते. 2025 साली फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा हिमाअभावी मार्चवर ढकलाव्या लागल्या. बोलिव्हिया देशात चकाल्ताया नावाचा उतार एके काळी जगात सर्वांत उंच म्हणून मिरवत होता. तिथली हिमनदी 2009 पर्यंत संपली आणि खेळही संपला. उंचीसुद्धा कायमचा विमा नाही.

तेच हिम वितळून झेलमला पाणी देते, जूनमध्ये भाताची लावणी होते. सफरचंदाला फुलोऱ्यासाठी लागणारी थंडीही तोच हिवाळा पुरवतो. खेळणाऱ्याच्या पायाखालचा थर म्हणजे शेतकऱ्याची डोंगरावर साठवलेली विहीर आहे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

जायचे तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर जावे, आणि निघण्यापूर्वी हिमाची चौकशी करावी. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. दम्याचा वा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच वर चढावे. काळा चष्मा अवश्य घ्यावा, हिमावरचे ऊन डोळ्यांना बाधते. पट्ट्या व जोडे भाड्याने मिळतात, पण शिक्षकाशिवाय बांधू नयेत. गुलमर्गला सरकारी स्कीइंग संस्थाही आहे.

दोन ठिकाणांत निवड विचाराल तर हिमासाठी गुलमर्ग, शिकण्यासाठी औली, असे मी सांगेन. मात्र दोन्हीकडे हॉटेलवाल्याला खोलीचा भाव विचारण्याआधी ढकलगाडीवाल्याला विचारा, यंदा मोठ्या थंडीत हिम किती पडले? त्याच्या उत्तरावरून उताराची जातही कळेल आणि त्याच्या घरचे सालही.